हात न लावता हिमालय

आमच्या धाड गावच्या वाचनालयात प्रवासवर्णनांचं एक वेगळं कपाट आहे. ते मी जवळजवळ सगळं वाचून काढलं आहे, कारण वाचनालय मीच सांभाळते आणि बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी तिथं मी आणि पंखा असे दोघंच असतो. त्या कपाटात हिमालयावरची पुस्तकं ढीगभर. कुणाला तिथं शांती सापडलेली असते, कुणाला स्वतःची ओळख पटलेली असते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला खटकायची ती एकच गोष्ट. लेखक पहाटे उठतो, दार उघडतो, समोर शिखरं सोनेरी झालेली असतात आणि त्याच्या हातात वाफाळता चहा असतो. तो चहा कुणी केला, हे एकाही पुस्तकात लिहिलेलं नाही. पुढं पान उलटावं तर 'जेवण आटोपून आम्ही निघालो'. जेवण काय आपोआप आटोपतं?

लग्न झाल्यापासून दुसऱ्या कुणी केलेलं गरम अन्न मी निवांत बसून खाल्लेलं नव्हतं. लग्नाकार्यात पंगतीला बसले असेन, पण ते धरायचं नाही, तिथं मागं उभ्या असलेल्या बाया आपल्या उठण्याची वाट पाहत असतात. आणि स्वतःच्या हातचंही गरम नाही, कारण आमच्या घरी सगळ्यांची ताटं उठल्यावर माझं ताट मांडलं जातं. त्यामुळे हिमालय म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं शिखर येत नसे. तो कप येत असे.

हिमालयाचा योग आला तो भाऊजींच्या बोअरमुळे. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेती ते पाहतात, बियाण्या-खतांचं दुकान आमचे हे पाहतात, आणि दोन्ही घरं शेजारी-शेजारी, स्वयंपाकघरांच्या मधे एक भिंत. गेल्या उन्हाळ्यात भाऊजींनी वावरात बोअर घ्यायला मशीन बोलावलं. दिवसभर मशीन नुसता फुफाटा उडवत राहिलं. दिवस कलला तशी भाऊजींनी टोपी काढली आणि सगळ्यांसमक्ष मारुतीला नवस बोलले, "पाणी लागू दे देवा, रोडगे करीन."

मशीनवाला म्हणाला, "भाऊ, इथं सगळेच रोडगे बोलतात. देव तरी किती खाईन?"

भाऊजींना चेव चढला. "मी इथं करतच नाही. त्यानं जिथून डोंगर उचलला, तिथं जाऊन करीन."

आणि पाणी लागलं. मारुतीलाही कधी गंमत पाहावीशी वाटत असेल.

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. रोडगे म्हणजे जाडसर दळलेल्या कणकेचे गोळे. आत तेल लावून थर घालायचे, गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचा. भाजला की फडक्यानं राख झटकायची, फोडायचा, वर तूप, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे काम पुरुषांचं. आमच्या घरात तर मारुतीच्या रोडग्यांना बाईनं हात लावायचा नाही, असा कडक नेम आहे. बाईनं फक्त गहू निवडून दळून आणायचे, डाळ पाखडायची, लसूण सोलायचा, वांगी चिरून द्यायची, तूप कढवायचं आणि शेवटी भांडी घासायची. बाकी सगळं पुरुष करतात.

आणि करतात तेही काय थाटात. घरी ज्याला मीठ कुठं असतं हे ठाऊक नाही, तो माणूस वावरात गेला की अख्ख्या गावाच्या पंगतीचा अंदाज नजरेनं घेतो. बाह्या सरसावतो, टॉवेल डोक्याला बांधतो, वरणाची चव तळहातावर घेऊन डोळे मिटतो. आमच्या ह्यांच्या वरणाचं तर पंचक्रोशीत नाव आहे. ते वरण मी तिसऱ्या पंगतीला, गार झालेलं, अनेकदा खाल्लेलं आहे.

तर नवस फेडणं भाग होतं. हरभरा घरात आला होता, दुकानाचा हंगाम अजून लांब होता. एके दिवशी जेवताना हे म्हणाले, "जाच लागते तर चौघंही जाऊ. मी बसवतो बरोबर स्वस्तात."

मी भाकरी वाढता वाढता थांबले. असा क्षण पुन्हा येत नाही, हे मला कळत होतं. "मी यीन," मी म्हटलं, "पण एक अट हाय. घराले कुलूप लागल्यापासून ते कुलूप उघडेपर्यंत मी चुलीले हात लावणार नाही. चहालेबी नाही."

"मंजूर," हे म्हणाले. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, पण म्हणाले.

भिंतीपलीकडून जावेचा आवाज आला, "मीबी नाही."

त्या भिंतीला मी आजवर कितीदा शिव्या दिल्या असतील, पण त्या दिवशी ती साक्षीदार म्हणून उपयोगी पडली.

अट घालताना माझी एक चूक झाली. कुलूप लागायच्या आधीचं मी काही बोललेच नव्हते. त्यामुळे प्रवासात स्वयंपाक करायला नको म्हणून निघण्याच्या आधी मी आणि जाऊ सलग स्वयंपाक करत बसलो. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, शंकरपाळे. ह्यांचं म्हणणं, बाहेरचं खाल्लं की सहल महाग पडते. माझ्या कमरेला ही सहल आधीच महाग पडत होती, पण ते हिशेबात धरायची पद्धत नाही.

मग सामानात हळूहळू एकेक वस्तू शिरू लागली. आधी विजेची छोटी शेगडी. "नुसती चहापुरती," हे म्हणाले. चहा कोण करणार, असं मी विचारलं नाही. मग तूरडाळीची पिशवी, "नवसाची". मग कुकर, "नवसाचा". मग जाडसर कणीक, तेल, तूप, वांगी, पोहे. पोहे कुठल्या नवसाचे, हे मी विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "असू द्या वहिनी, सोबत." शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यात भरून, सुतळीनं तोंड शिवून, गोवऱ्या आल्या. घरच्या गाईच्या. भाऊजींनी स्वतः निवडून घेतलेल्या. इतक्या काळजीनं निवडलेली वस्तू त्यांच्या हातात मी पहिल्यांदाच पाहिली.

मलकापूरला गाडी धरली, भुसावळला बदलली, आणि दिल्लीपर्यंत त्या पोत्याला खिडकीजवळची जागा मिळाली, मला नाही. वाटेतच दशम्या, पुऱ्या संपल्या. समोरच्या बाकावरच्या कुटुंबाला आम्ही चिवडा दिला, त्यांनी आम्हाला लोणचं दिलं, आणि हिशेब बरोबरीत सुटला म्हणून हे खूश झाले.

दिल्लीच्या स्टेशनवर सामान तपासायचं यंत्र असतं. पोतं त्यातून गेलं आणि पडद्यावर नुसत्या गोल गोल चकत्या दिसू लागल्या. शिपायानं आम्हाला बाजूला घेतलं.

"इसमें क्या है?"

भाऊजी पुढं झाले. "मारुती का सामान है, साहेब."

"कौन मारुती? गाडी का?"

"नई साहेब, हनुमान. पूजा का है. गाय का है."

सुतळी उसवावी लागली. शिपायानं आत डोकावलं, वास घेतला आणि आमच्याकडं पाहिलं. मग त्यानं आपल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनीही वास घेतला. दोघांनी एकमेकांकडं पाहून मान हलवली आणि आम्हाला जाऊ दिलं. "उपले लेके हिमाचल जा रहे हैं," तो शिपाई मागं कुणाला तरी सांगत होता. माझी मान खाली गेली, पण भाऊजींची ताठ होती. त्यांच्या मते आम्ही परीक्षा पास झालो होतो.

दिल्लीहून सरकारी साधी बस. आरामगाडीत झोप लागते आणि डोंगर दिसत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं. साध्या बसमध्ये झोप लागली नाही हे खरं, पण अंधारात डोंगरही दिसले नाहीत. वळणावळणांवर जावेनं पिशवीत तोंड खुपसलं, भाऊजींनी मारुतीचं नाव घेतलं, आणि मी मात्र ताठ बसून होते. पोट रिकामं होतं, पाय सुजले होते, पण कुलूप लागून दीड-दोन दिवस होत आले होते आणि मी काडी ओढली नव्हती. मला त्याचं फार कौतुक वाटत होतं.

मनालीच्या वर एका लहानशा गावात ह्यांनी खोली ठरवली होती. लाकडी घर, खाली गोठा आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, मागं सफरचंदाची झाडं, अजून बोडकी. मालकीण माझ्याच वयाची असेल, लाल गालांची, डोक्याला फडकं बांधलेली, काम करता करता बोलणारी. पोचलो त्याच सकाळी मी दार उघडलं. समोर शिखर. त्याच्यावर ऊन. आणि मालकीण जिना चढून आली, माझ्या हातात तिनं वाफाळता कप दिला.

पुस्तकातला तो क्षण माझ्या हातात होता. मी पहिला घोट घेतला.

मागून ह्यांचा आवाज आला, "हा फुकट हाय का, इचारून घे."

तो फुकट होता. आल्या पाहुण्याला पहिला चहा द्यायची तिची रीत होती. पुढचे मात्र पैसे देऊन. तेव्हा ह्यांनी खुलासा केला की खोली स्वस्त पडली ती जेवणाशिवाय घेतल्यामुळं, आणि आनंदाची गोष्ट ही की खालचं स्वयंपाकघर आपल्याला वापरू देणार आहेत.

"आपल्याले म्हणजे कोणाले?" मी विचारलं.

"आता कोणाले म्हणजे," हे म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी डोंगराकडं पाहून गिळलं.

दुपारी आम्ही खाली बाजारात गेलो. खानावळीच्या पाटीवरचे भाव वाचून दोघा भावांना अचानक राजमा पचत नाही हे आठवलं. राजमा त्यांनी आयुष्यात खाल्लेला नव्हता. शेवटी एका थाळीत दोघे आणि एका थाळीत आम्ही दोघी असं जेवलो. अर्धी थाळी, पण गरम होती. मी बसून होते आणि तो पोरगेला वाढपी मला विचारत होता, चावल और दूँ? हे त्याच्याकडं अशा नजरेनं पाहत होते, जणू तो घरात शिरून काही उचलून नेतो आहे.

संध्याकाळी थंडी वाढली, चिवडा संपला, आणि खोलीत चौघं चार कोपऱ्यांत बसलो. फक्त भाऊजींचं पोट बोलत होतं. दोघे भाऊ मधूनमधून कुकरकडं पाहत, मग आमच्याकडं, मग छताकडं. वावरात अख्खं गाव जेवू घालणारे हे दोन आचारी. त्यांना दाखवायला प्रेक्षक नसले की त्यांच्या हातातलं कौशल्य कुठं जातं, कोण जाणे.

जाऊ माझ्याजवळ सरकली. "बाई, टाकू का खिचडी? पाहवत नाही हो."

"टाक," मी म्हटलं. "पण आज टाकली तर उद्याबी तुलेच टाका लागंन. परवाबी. अन् मग घरी जाऊन लोक तुले इचारतीन, हिमालय पाह्यला का, तर काय सांगशीन?"

ती उठली होती ती परत बसली. गोधडी डोक्यावरून ओढून घेतली आणि तिच्या आतून म्हणाली, "पाह्यतच नाही मी त्यांच्याकडं." त्या रात्री सगळ्यांनी शंकरपाळे खाल्ले. थंडीनं ते इतके कडक झाले होते की बराच वेळ खोलीत फक्त दातांचा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी बर्फ. बर्फाकडं जायच्या रस्त्यावर भाड्यानं अंगरखे आणि रबरी बूट मिळतात. सगळे प्रवासी तेच घालतात आणि सगळे एकाच कारखान्यातून सुटल्यासारखे दिसतात. ह्यांनी अंगरखे घेतले, घासाघीस करून, एका भाड्यात दोन दिवस. बूट मात्र घेतले नाहीत. दुकानातून आणलेल्या बियाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या त्यांनी मोज्यांवर चढवायला दिल्या आणि वर सुतळी बांधली. तर हिमालयाच्या बर्फावर माझं पहिलं पाऊल पडलं ते सोयाबीनच्या सुधारित वाणाच्या पिशवीतून. घसरले. पुन्हा उभी राहिले. बर्फ हातात घेतला, तो हातात राहत नव्हता. फार छान वाटलं. मी आणि जाऊ, दोघी घोड्याएवढ्या बायका, लहान पोरींसारख्या एकमेकींना बर्फ मारत होतो. हे लांब उभे राहून फोटो काढत होते, कारण फोटोवाल्याला पैसे पडतात.

नवस फेडायचा तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. मारुतीनं नेमका कुठला डोंगर उचलला हे कुणालाच सांगता येईना. मालकीण म्हणाली, इथं प्रत्येक गाव म्हणतं आमचाच. भाऊजींना हे आवडलं. मग आपल्याला इथलाच धरायला हरकत नाही, असं ठरवून त्यांनी गोठ्यामागच्या मोकळ्या जागेत एक उभट दगड हेरला आणि धाडहून आणलेला शेंदूर त्याला फासला. मालकीण धावत आली. त्या दगडावर ती गालिचे आपटत असे. पण आता देव झाला म्हटल्यावर तिनंही हात जोडले आणि गालिचा उचलून कुंपणावर टाकला.

आता गोवऱ्या. पोत्याचा खोलीत वास येतो म्हणून ह्यांनी ते पहिल्या दिवसापासून बाहेर ओट्यावर ठेवलं होतं. रात्री भुरभुर बर्फ पडला, सकाळी वितळला, आणि दिल्लीच्या साहेबांनी पास केलेल्या गोवऱ्या भिजून लगदा झाल्या. भाऊजींनी काड्यापेटी संपवली. धूर इतका झाला की वरच्या रस्त्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, आग लागली का. जाळ मात्र नाही.

मालकीण कमरेवर हात ठेवून पाहत होती. शेवटी तिला राहवेना. "भाईसाहब, आप ये इतनी दूर से लाए? हमारे यहाँ क्या गाय नहीं है?" आणि तिनं गोठ्याकडं बोट दाखवलं. गोठ्याच्या भिंतीला तिच्या वाळलेल्या गोवऱ्या रचून ठेवलेल्या होत्या. दोन दिवस आम्ही त्यांच्याच वर झोपत होतो.

भाऊजींनी लगद्याकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "नवस घरच्या गाईचा बोललो होतो का?" त्यांनी ह्यांना विचारलं.

हे म्हणाले, "गाईचं नाव नव्हतं घेतलं."

"मग चालते," भाऊजी म्हणाले, आणि मारुतीनं तिथल्या गोवऱ्या पास केल्या.

मी आणि जाऊ उन्हात बाजेवर बसलो होतो. हात अंगरख्याच्या खिशात. इतका वेळ खिशात हात घालून मी आयुष्यात बसले नव्हते. हात काय करत असतील, याची मला सारखी चिंता लागली होती.

थोड्या वेळानं हे आले. "कुकरची रिंग दिसत नाही."

"ती घरी हाय. सैपाकघराच्या दारामागं, खिळ्याले."

"तिथं काऊन?"

"घासली की तिथंच वाळत टाकतो आपण." आपण म्हटलं, पण त्यांना कळलं कोण ते. रिंग कुकरातच जन्माला येते, असा त्यांचा समज असावा. ज्यानं कुकर भरला त्यानं झाकण, शिट्टी सगळं मोजून घेतलं होतं.

"मग सांगतलं काऊन नाही?"

"मी पाह्यलंच नाही काय भरून राह्यले. हात लावायचा नाही म्हटलं होतं ना."

तूरडाळ तिथल्या थंडीत, त्या उंचीवर, उघड्या पातेल्यात शिजत नाही. ती उकळते, उड्या मारते, पण शिजत नाही. पंचक्रोशीत नाव असलेलं वरण दुपारपर्यंत पाण्यात डाळ असंच राहिलं. ह्यांनी चारदा तळहातावर घेऊन चव पाहिली आणि चारही वेळा डोळे उघडेच ठेवले.

मग भाऊजी वांगी घेऊन आले. "वहिनी, निदान एवढी चिरून द्या. थंडीनं बोटं वाकत नाहीत."

"मारुतीच्या रोडग्याले बाईचा हात?" मी म्हटलं. "बाटंन ना भाऊजी. इतक्या लांब येऊन."

जावेनं अंगरख्याच्या कॉलरमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मालकिणीनं मला काय चाललंय ते विचारलं, मी मोडक्या हिंदीत नेम समजावून सांगितला, गहू आणि डाळ आणि लसणासकट. ती आधी नीट ऐकत होती, मग इतकी हसली की तिला कुंपण धरावं लागलं. मग ती गेली आणि शेजारच्या दोघींना घेऊन आली. त्या तिघी आमच्या बाजेशेजारी ओळीनं बसल्या आणि दोन पुरुष लसूण सोलतात ते पाहू लागल्या. त्या गावात पाहण्यासारखी स्थळं तशी कमीच आहेत.

दिवस कलू लागला. भूक इतकी लागली होती की माझा ताठा उतरायला आला होता. खरं सांगते, एकदा मी खिशातून हात काढला. ह्यांनी निखारे पसरायचे सोडून ढीग केला होता, त्यात रोडगे बाहेरून जळणार आणि आत कच्चे राहणार, हे मला इथून दिसत होतं. उठून एक काडी फिरवली असती तर झालं असतं. जावेनं माझं मनगट धरलं आणि माझा हात परत खिशात घातला.

रोडगे निघाले. आमच्याकडची रीत अशी की पहिला मारुतीला, मग पुरुषांची पंगत, मग बायका. मी रीत मोडा म्हणणार नव्हते. माझी अट हात न लावण्याची होती, गरम मिळण्याची नव्हती. पण मनात तेच होतं, आणि ते गार होत चाललेलं मला दिसत होतं. भाऊजींनी पहिला रोडगा दगडापुढं ठेवला. दुसरा ह्यांनी राखेतून काढला, या हातातून त्या हातात टाकत फडक्यानं झटकला, ताटलीत फोडला, तूप ओतलं, बाजूला वांग्याची भाजी आणि ते न शिजलेलं वरण. दोन्ही भावांनी एकमेकांकडं पाहिलं. मग हे ताटली घेऊन चालत आले आणि माझ्यापुढं धरली.

बोटांवर भाजल्याचे लाल डाग होते, भुवयांवर राख होती.

मी घास घेतला. बाहेरून जळलेला, आत कच्चा, अगदी मला वाटलं होतं तसा. डाळ दाताखाली कडकड वाजली. पण गरम होता. तोंडातून वाफ निघत होती. मला फार बरं वाटलं, इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं, आणि त्याच वेळी संतापही आला, की एवढ्याशा गोष्टीसाठी धाडहून हिमालय गाठावा लागला.

हे उभेच होते. हातात तुपाचा चमचा, एक पाय पुढं, नजर माझ्या तोंडाकडं.

"कसा झाला?" त्यांनी विचारलं.

ते उभं राहणं मला ओळखीचं होतं. तशी मी रोज उभी राहते, दोन वेळा, हातात पळी घेऊन. आणि पहिला घास गिळून झाला की उत्तर येतं, 'मीठ कमी हाय.' लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून येतं. कधी खरोखर कमी असतं, बहुतेकदा नसतं, पण ते आल्याशिवाय ह्यांचा दुसरा घास उचलला जात नाही. ते उत्तर आपण एकदा द्यायचं, असं मी कितीतरी वर्षं मनात ठेवलं होतं. आता ते अगदी जिभेवर होतं, आणि मीठ खरोखरच कमी होतं.

पण चमचा धरलेल्या त्या बोटांवरचे लाल डाग मला दिसत होते.

"आणखी एक आणा," मी म्हटलं. "गरम पाहून."

हे धावतच गेले. भांडीही त्यांनीच घासली, दोघांनी मिळून, बर्फाच्या पाण्यानं, मालकीण आणि तिच्या मैत्रिणींच्या देखत. नंतर आम्हाला त्या तिघींनी शेजारच्या घरी नेऊन चहा पाजला. तो फुकट आहे का, हे ह्यांना विचारायची गरज पडली नाही.

धाडला परत आलो तशी दुकानावर रोज बैठक भरू लागली. हिमालयात आम्ही कसे रोडगे लावले, बर्फात जाळ कसा पेटवला, बाया कशा पाहायला जमल्या. गोवऱ्या कुणाच्या होत्या हे त्यात येत नाही, वरणाचाही उल्लेख नाही. भाऊजी नवीन नवस शोधत आहेत. मी वाचनालयात पंख्याखाली बसून ते ऐकते. दुकान समोरच आहे.

कुलूप उघडलं त्या दिवशी माझी अट संपली होती. मी रिंग खिळ्यावरून काढली, कुकर लावला, भाकरी थापल्या, भाजी टाकली. ह्यांचं ताट वाढलं. मग माझंही वाढलं, त्यांच्या शेजारी, आणि गॅस बंद करून खाली बसले. त्यांनी माझ्या ताटाकडं पाहिलं. घास घेतला, गिळला.

"मीठ..." त्यांनी सुरू केलं, आणि थांबले.

मी माझा घास मोडत होते. गरम होता.

मग ते उठले, ओट्याजवळ गेले, एक डबा उघडून पाहिला, बंद केला, दुसरा उघडला. मिठाची बरणी गॅसच्या उजव्या हाताला, खिडकीत असते. मी या घरात आले तेव्हापासून तिथंच आहे.

"कुठं हाय वं ते?" त्यांनी विचारलं.

"असंन तिथंच," मी म्हटलं, आणि जेवत राहिले.